राबातले शिंपले

१

खोलीचं कुलूप जागच्या जागी होतं, खिडक्या आतून बंद होत्या, आणि बाहुल्या गायब होत्या.

प्रणाली ठाकूर रिकाम्या फळीसमोर उभी होती. डोळे कोरडे, हातात चावी, आणि खांद्यावर ती तिची कायमची हिरवी ओढणी. तिच्यामागे दाराशी पोरांची गर्दी. एकही पोर बोलत नव्हतं, आणि शाळेतली पोरं गप्प असली की मला धडकी भरते.

मी भागीरथी घरत. गावाकडे भागुबाई, शिक्षण खात्यात घरतबाई, आणि माझ्या पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले, पण सुटका नाही. जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मे महिन्यात चालणाऱ्या 'बहर' वर्गांचं मूल्यमापन करायला कुणीतरी खमकं माणूस हवं होतं, म्हणून मला पेणहून बोलावून घेतलं. चौलच्या अलीकडे खाडीकाठी हे नांदाईखार. इथला वर्ग सगळ्यात गाजलेला. आज चार वाजता पोरं आपापल्या बाहुल्यांचा खेळ करणार होती आणि मी त्यावरून मत देणार होते.

मत चांगलं पडलं तर वर्ग पुढच्या वर्षी अलिबागला निवासी होणार, प्रणालीचं कंत्राट वाढणार आणि तिनं निवडलेली पोरं तिच्यासोबत जाणार. वाईट पडलं तर वर्ग बंद आणि प्रणाली घरी. मधलं काही नव्हतं.

"मॅडम, काल दुपारी वर्ग सुटल्यावर मीच कुलूप लावलं," प्रणाली म्हणाली. "मग तुम्हाला घ्यायला अलिबागला आले. तेव्हापासून उघडलंच नाही."

हे खरं होतं. काल दुपारी अलिबागच्या एसटी स्टँडवर तिनं मला गाठलं, बाजारात खेळासाठी रंगीत कागद घेतले आणि मिनीडोरमधून आम्ही दिवेलागणीला इथे पोचलो. वाटेत ती अखंड पोरांबद्दल बोलत होती. हे पोर असं, ते पोर तसं, मॅडम, ही तर मला सोडतच नाही. माझी सारी नोकरी शाळांमध्ये गेली, पण मला न सोडणारं पोर काही मला भेटलं नाही. खरं सांगते, तेव्हाच माझ्या पोटात थोडं दुखलं होतं.

एवढ्यात बाहेरून आरडाओरडा ऐकू आला.

"कुनी जाळला माजा राब? कुनाच्या बापाचा हाय तो?"

शाळेला लागून शेत असलेला म्हातारा गुणाजी म्हात्रे पडवीत शिरला. त्याच्या मुठीत काहीतरी होतं. त्यानं मूठ उघडली.

राखेनं माखलेला एक शिंपला होता. त्याच्यावर दोन डोळे रंगवलेले होते.

२

ज्यांनी भातशेती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. रोपं टाकायच्या आधी आम्ही जमीन भाजतो. शेण, पालापाचोळा, गवत थरावर थर पसरायचं, वरून मातीचा हात फिरवायचा आणि पेटवायचं. त्याला राब म्हणतात. मे महिन्यात संध्याकाळी आमच्याकडे कुठेही बघा, चारी दिशांना धूरच धूर. एखाद्या शेतातून धूर निघाला म्हणून कुणी मान वर करून बघत नाही.

गुणाजीनं राब रचून ठेवला होता. काल सकाळी तो रेवदंड्याला लेकीकडे गेला, आज परत आला तर राब जळून गेलेला.

"पन पेटवला झ्याक हाय हो," तो रागातही म्हणाला. "मी सोता पेटवला असता तरी येवढाच भाजला असता. फक्त ह्या मिठागराकडच्या टोकाला कच्चा ऱ्हायला. निम्मा पाला तसाच हाय. हितवर येऊन त्याला काय झालं कुनाला ठाव!"

प्रणालीच्या पोरांच्या बाहुल्या साध्या होत्या. नारळाच्या काथ्याचं अंग, चिंध्यांचे कपडे, आणि चेहरा म्हणून किनाऱ्यावरून स्वतः वेचून आणलेला शिंपला. काथ्या गेला, चिंध्या गेल्या. शिंपले पांढरेफटक होऊन राखेत पडले होते.

पोरं राखेत उतरली. मी अडवलं नाही. मला वाटलं होतं, ओळखायचे कसे? पण प्रत्येकानं आपला चेहरा बरोबर उचलला. "हा माझा आजोबा!" "ही माझी ताई, हिचा कान तुटलाय." ऋत्विक नावाच्या एका पोरानं शिंपला शर्टाला पुसला आणि खिशात ठेवला, रडू आवरत.

सगळ्यांना आपापले चेहरे मिळाले. एक पोरगी सोडून.

तेजस्वी. दहा वर्षांची, दोन वेण्या, ओठ घट्ट मिटलेले. ती राख पुनःपुन्हा चाळत राहिली. शेवटी काळे हात घेऊन बांधावर बसली.

"तिचीच बरी नाही सापडत," माझ्या कानाशी कुणीतरी म्हणालं. वळून बघितलं तर किशोरी तांडेल, शाळेतली जुनी शिक्षिका. "घरतबाई, तुम्हाला माहीत नसेल. तेजूची बाहुली म्हणजे कोण होती? प्रणालीबाई! हिरवी ओढणी, तारेचा चष्मा, सगळं जसंच्या तसं. सगळ्यांची माणसं जळाली, आणि प्रणालीबाईंची मूर्ती तेवढी सुखरूप. आता ती कुणी काढून ठेवली असेल, तुम्हीच बोला."

३

मुख्याध्यापक प्रज्योत राऊत घाबरट माणूस. मला केबिनमध्ये बसवून त्यानं दार लावलं आणि पंखा मोठा केला.

"मॅडम, हे रात्रीचंच काम. काल कोळीवाड्यात हळद होती. अख्खं गाव तिकडे. शाळेकडे चिटपाखरू नव्हतं. आणि सांगायला वाईट वाटतं, पण प्रणाली हळदीतून लवकर उठली."

हळदीला मीही होते. मला सोडतायत होय! नवरीच्या आईनं हात धरून नेलं. ढोल, गाणी, पिवळी धमक नवरी, आणि पानात तळलेला बोंबील. जेवायला बसलो तेव्हा मांडवात शेतांवरचा धूर भरायला लागला आणि बायकांनी पदर नाकाला लावले. प्रणाली 'डोकं दुखतंय' म्हणून त्याच्या थोडं आधी उठून गेली होती, हे खरं.

"पण ती आपलीच मेहनत कशाला जाळेल?" मी विचारलं.

"खेळ पडला असता तर? पोरं शहरातली नाहीत, मॅडम. ऐन वेळी गोंधळली असती. आता कसं, दोष तिचा नाही. आणि सहानुभूती सगळी तिच्याकडे."

घाबरट माणसं कधीकधी फार पुढचा विचार करतात.

मग किशोरीबाई. तिला बोलावं लागलं नाही, ती तुंबून आली होती.

"हो, मला राग आहे. लपवू कशाला? आठ उन्हाळे मी इथे शिष्यवृत्तीचा वर्ग घेतला, फुकट. कोळीवाड्यातली पोरं घरून उचलून आणली मी. कुणी अलिबागहून बघायला आलं नाही. आणि ही परवा आली, चार चिंध्या शिवल्या, तर पेपरात फोटो! पोरं माझ्यासमोरून जाताना 'प्रणालीबाई कुठायत' विचारतात. मला विचारतात, मला!" तिचा आवाज चिरकला. "पण पोरांच्या वस्तूला मी काडी लावणार नाही."

"काल रात्री मध्येच कुठे गेला होतात?"

ती गोरीमोरी झाली. "घरी. नवऱ्याला गोळी द्यायला. पण ते कुणी बघितलं नाही, ते झोपले होते."

"आणि दुपारी?"

"दुपारी काय? दुपारपासून हळदीघरीच होते. पन्नास बायकांत बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होते."

तिसरा कुलदीप. हा अलिबागच्या बाजारपेठेत वाढलेला पोरगा, इथे 'समर क्लास' काढून बसलेला. बहर वर्ग फुकट सुरू झाल्यापासून त्याची निम्मी बाकं ओस पडली होती.

"मॅडम, टेन्शन नको. जलन झाली ना मला, फुल झाली. पण मी डोकं वापरतो. पोरं पळवायची तर मीपण बाहुल्या चालू करीन ना!"

"काल हळदीला दिसला नाहीस."

"डीजे नाही तर जाऊन काय करू? रूमवर मॅच बघत होतो. एकटा. संध्याकाळपर्यंत क्लास होता, सगळ्या पोरांना विचारा."

"राब कसा पेटवतात माहितीये?"

"काडी लावून," तो म्हणाला. "अजून कसा?"

म्हणजे रात्रीचा हिशोब धरला तर प्रणाली, किशोरी, कुलदीप, तिघांपैकी एकालाही साक्षीदार नाही. आणि त्यातल्या दोघांच्या पोटात प्रणालीबद्दल आग. मी डोकं धरून स्वयंपाकघराकडे निघाले. मला तिथे चहा मिळणार होता, एवढीच माझी अपेक्षा होती.

४

वर्गाच्या पोरांसाठी खिचडी करणारी केसर म्हणजे तेजस्वीची आई. तिशीतली, अंगानं शेलाटी, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. काल हळदीत पंगतीला वाढायला तीच होती. पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत जागची हलली नव्हती. मला आग्रह करकरून दोनदा भात वाढला होता तिनं.

"बसा बाई. साखर घालू ना?"

"डॉक्टर नको म्हणतो. घाल."

ती हसली. मग मी तेजूचं नाव काढलं आणि हसू गेलं.

"पोरीनं सकाळधरनं कायसुदीक खाल्लं न्हाय. मी बोलावलं तर येत न्हाय. त्या बाईंच्याच मागं मागं." तिनं चहाचं भांडं जरा जोरातच ठेवलं. "आजचं न्हाय ते. म्हैनाभर हेच. भात वाढला का, 'आई, बाई सांगतात सावकाश चावून खा.' वेणी घालाय घेतली का, 'आई, बाईंसारखी घाल.' झोपेत बी बाई. तिचा बाप उरणला गोदामावर. आठवड्यातून येकदा येतो. घरात आमी दोगीच. आता दोगी बी न्हाय ऱ्हायलो."

"अलिबागच्या निवासी वर्गाला तेजू जाणार म्हणे."

"व्हय. जाईल ना. हुशार हाय." ती चुलीकडे वळली. "किशोरीबाई सांगत व्हत्या, पोरीनं बाहुली बी बाईंचीच केली. मला दावली न्हाय. म्हनली, शेवटच्या दिशी बघ."

"खोलीची दुसरी चावी कुठे असते?"

"ती काय, खिळ्याला. तांदळाची पोती त्याच खोलीत. सगळ्यांना म्हाईत हाय."

खरंच, चावी उघड्यावर लटकत होती. सगळ्यांना माहीत असलेली चावी शोधाला काही उपयोगाची नसते.

बाहेर आले तर पडवीत रण माजलेलं. राऊत सर प्रणालीला सांगत होते की तिनं स्वतःहून वर्ग बंद करतेय असं लिहून द्यावं, म्हणजे चौकशी टळेल. किशोरी हाताची घडी घालून उभी.

"मी नाही जाळल्या!" प्रणाली ओरडली. "माझ्या पोरांच्या बाहुल्या आहेत त्या!"

"तुमची पोरं?" किशोरी म्हणाली. "त्यांना आया आहेत, बाई."

मी प्रणालीला हाताला धरून बाजूला नेलं. "तेजूच्या बाहुलीचा फोटो आहे?"

तिनं मोबाइल पुढे केला. शिंपल्याचा गोल चेहरा, तारेचा चष्मा, हिरवी ओढणी. ओढणी मात्र मागून पुढे घेऊन कमरेला खोचलेली.

"पोरांना तू काय करायला सांगितलं होतंस?"

"घरातलं माणूस करा म्हटलं. आवडतं." ती ओशाळून हसली, आणि त्या हसण्यात थोडा गर्वही होता. "तेजूनं मला केलं. मी काय बोलणार? किती आनंद झाला, मॅडम. खाली शाईचे डाग पाडलेत बघा, घाई फार करते."

मी फोटो मोठा करून बघितला. मग मोबाइल तिला परत दिला.

"सर तुझ्याकडून काही लिहून मागतील," मी म्हटलं. "मी येईपर्यंत पेनला हात लावू नकोस."

५

गुणाजी अजून बांधावर बसून होता. मी चपला काढून राखेत उतरले. माझ्या माहेरी भाताची शेती. बाप राब पेटवायचा तेव्हा मी हिरवा टहाळा घेऊन ठिणग्या मारायला उभी राहायचे. पाय भाजल्याशिवाय शेत कळत नाही मला.

राब पेटवायची एक रीत आहे. वारा जिकडून येतो तिकडून काडी लावली तर आग भडाडून पुढे पळते, पाला अर्धा जळतो, जमीन कच्ची राहते. म्हणून वारा जिकडे जातो त्या टोकाला पेटवायचं. मग आगीला वाऱ्याच्या तोंडावर चालावं लागतं. ती मुंगीच्या पावलानं सरकते आणि खालची माती विटेसारखी भाजून काढते. शेतकऱ्याच्या घरच्याला हे कुणी शिकवत नाही, त्याला ते येतंच.

मी पूर्वेच्या टोकाला गेले. बांधाशी झावळीच्या चुडीचं, म्हणजे पेटवायच्या जुडीचं, जळकं बूड पडलेलं होतं. इथूनच पेटवलं होतं. इथली माती लालसर, राख पिठासारखी, आणि शिंपलेही सगळे इथेच सापडले होते. पश्चिमेकडे, मिठागराच्या बाजूला, शेवटचा पट्टा मात्र कच्चा. पाला वरवर भाजलेला, तसाच पडलेला.

"गुणाजीकाका, दिवसा इकडे वारा कुठला?"

"दर्याचा. पच्छिमेचा."

"आणि रात्री?"

"रातच्याला मतलई. जमिनीवरनं दर्याकडं. तुमी बी हितल्याच की, मला काय इचारता?"

"तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

मी तिथेच बांधावर बसले आणि मोठ्यानं हसले. गुणाजीनं माझ्याकडे संशयानं बघितलं.

"अहो, हे रात्री पेटलंच नाही! पेटवणाऱ्यानं पूर्वेच्या टोकाला चूड लावली, म्हणजे वारा तेव्हा दर्याचा होता. उन्हं होती. आग हळूहळू पश्चिमेकडे चालत गेली, उत्तम भाजत. मग रात्री हळदीची पंगत बसली तेव्हा वारा फिरला. शेतांवरचा धूर मांडवात शिरला तो त्याच वेळी. आता वारा आगीच्या पाठीवर आला, ती उरलेल्या पट्ट्यावरून पळत सुटली आणि टोक कच्चं ठेवून गेली."

"च्यायला," गुणाजी म्हणाला. "व्हय की!"

दुपार. म्हणजे सगळंच उलटं झालं. रात्री ज्यांना साक्षीदार नव्हते ते तिघेही दुपारी पुरते अडकलेले. किशोरी पन्नास बायकांत भाकऱ्या थापत होती. कुलदीप क्लासात होता, आणि शिवाय राब कसा पेटवतात तेही त्याला येत नाही. प्रणाली तर माझ्याच शेजारी मिनीडोरमध्ये बसून माझं डोकं खात होती. आणि रात्री जिच्याकडे सगळ्या गावानं बघितलं, जी पंगतीतून जराही हलली नाही, तिची दुपार कुणी विचारलीच नव्हती.

राहिली ती न जळालेली बाहुली. तिनंच सगळ्यांना फसवलं होतं. प्रणालीवर जळणाऱ्या माणसानं पहिली कुठली बाहुली आगीत टाकली असती? प्रणालीची! आणि नेमकी तीच वाचली. म्हणजे वाचवणाऱ्यानं बाहुली कुणाची आहे हे बघितलं नाही. ती कुणी शिवली आहे, हे बघितलं.

माझं हसू तिथेच थांबलं. असल्या शोधाचा आनंद फार वेळ टिकत नाही.

६

स्वयंपाकघरात केसर तांदूळ निवडत होती. मी दार ओढून घेतलं आणि समोर पाटावर बसले.

"पूर्वेकडून का पेटवलास, केसर?"

तिचा हात सुपातच थांबला.

"नुसत्या बाहुल्याच जाळायच्या होत्या ना?" मी म्हटलं. "मग काडी टाकून पळायचं. कशाला टोक बघितलंस, वारा बघितलास?"

"गुनाजीकाकानं चार दिस खपून रचला व्हता," ती हळूच म्हणाली. "त्याचा राब कसा नासवू? हात गेलाच तिकडं." आणि मग धरणाचं दार उघडावं तशी रडायला लागली. "मला पोरांचं वाईट करायचं नव्हतं, बाई! मला त्या बाईंचं वाईट करायचं व्हतं. खेळ झाला न्हाय तर वर्ग बंद पडंल, ती जाईल तिच्या गावाला, माजी पोर माज्याकडं येईल. येवडंच डोक्यात. मी दहावी झालेली बाई. मास्तरीण व्हायचं व्हतं मला, लगीन लावून दिलं. ती चष्मेवाली येते आन् म्हैनाभरात माजी पोर घेऊन जाते! जळले मी. खोटं कशाला बोलू? लई जळले."

"आणि तेजूची?"

ती उठली. तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिनं फडक्यात बांधलेलं काहीतरी वर काढलं.

"हिरवी ओढनी दिसली, म्हनलं हीच. हीच पयली टाकायची. पन हातात घेतली आन् टाका बघितला. तेजूचा टाका आखूड असतो. मीच शिकवलाय. टाकवली न्हाय मग." तिनं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. "तोंड न्हाय बघितलं तिचं. बघवलं नसतं."

"सोड ती गाठ."

"नको."

"मी एकटीनं सोडवण्यात अर्थ नाही. चल. पोरांसमोर सांगायचं, प्रणालीसमोर सांगायचं. बोलायला जमलं नाही तर मी आहे शेजारी. पण सांगायचं तूच."

"पोर माजं तोंड बघनार न्हाय."

"बघेल की नाही, ते तिथे कळेल," मी म्हटलं. मला कळलं होतं. पण ते सांगायचा हक्क माझा नव्हता.

७

चारला पोरं वर्गात गोल करून बसली होती, हातात आपापले पांढरे शिंपले. बाहेर दर्याचा वारा सुटला होता. केसर उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून गेली, मान खाली घालून. किशोरीबाईनं "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला आणि तो मग खाली घेतलाच नाही. बाहुलीची बातमी केसरच्या कानात आपणच घातली होती, हे तिच्या ध्यानात आलं असावं. राऊत सर पंख्याकडे बघत राहिले.

प्रणाली पांढरी पडली होती. "माझ्यावर एवढा राग?" ती म्हणाली. "मी तर तिला जीव लावला."

"म्हनूनच," केसर म्हणाली.

तेजस्वी आईकडे एकटक बघत होती. मी गाठोडं तिच्या हातात दिलं. तिनं गाठ सोडली, तांदळाचे दाणे झटकले आणि बाहुली उभी केली.

"तेजू," मी विचारलं, "ही कोण गं?"

"आई," ती म्हणाली.

प्रणाली पुढे वाकून बाहुलीकडे बघायला लागली.

"असं कसं?" किशोरी पुटपुटली. "ओढणी... चष्मा..."

"तो आजीचा चष्मा," तेजू जरा चिडूनच म्हणाली, जसं एवढंही कळू नये. "आम्ही घरी शाळा-शाळा खेळतो ना, तेव्हा आई बाई होते. अशी ओढणी कमरेला खोचते आणि आजीचा फुटका चष्मा लावते. छान शिकवते. बाई म्हणाल्या होत्या घरातलं माणूस करा. आणि हे बघा." तिनं शिंपल्याच्या खालच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे शाईचे तीन ठिपके होते.

केसरनं बाहुली हातात घेतली. तिनं ते ठिपके बघितले. मग तिचा हात आपोआप आपल्या हनुवटीवर गेला. तेजू तिच्यापाशी लगेच गेली नाही. ती आधी ऋत्विकच्या शिंपल्याकडे बघत राहिली, इतर पोरांकडे बघत राहिली. मग आईपुढे जाऊन उभी राहिली.

"सगळ्यांच्या परत करायच्या," ती म्हणाली. "तूच काथ्या आणायचा."

"आनते," केसर म्हणाली. "आत्ता आनते."

त्या दिवशी खेळ झाला नाही. बाहुल्या पुन्हा शिवल्या गेल्या. केसर पोरांच्या मध्ये बसून आखूड टाका शिकवत होती, किशोरीबाई न बोलावता येऊन सुईत दोरा ओवून देत होती, आणि मी पडवीत बसून माझं मत लिहीत होते. वर्ग चालू राहावा, निवासी न करता इथेच राहावा, प्रणाली ठाकूर यांनाच ठेवावं, आणि गावातल्या एका आईला मदतनीस म्हणून घ्यावं. 'पालकांवर झालेला परिणाम' असा एक रकाना होता. दोन ओळींचा. मी तो रिकामा सोडला.

संध्याकाळी प्रणाली मला अलिबागपर्यंत सोडायला आली. मिनीडोरमध्ये आज ती एक अक्षर बोलत नव्हती. कंत्राट वाढणार होतं, नाव राहिलं होतं, पोरं राहिली होती. दोन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या मागे पडत होत्या आणि ती हिरव्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

चौल मागे पडल्यावर ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू?"

"विचार."

"ती खरंच माझी नव्हती?"

"नव्हती गं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. मग मीच तिची ओढणी नीट खांद्यावर सारली, कारण ती वाऱ्यानं उडून सारखी तिच्या डोळ्यांवर येत होती.